सातत्य कुणाचं?

गोव्यात एखाद्या खेळाडूला बाजूला सारायचं असलं की एक वाक्य पुरतं: ‘खेळतो चांगला, पण सातत्य नाही.’ पेडण्यात कापणी झालेल्या शेतात रंगणाऱ्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत ते ऐकू येतं, डिचोलीच्या बाजारात चहाच्या टेबलावर ऐकू येतं आणि पर्वरीला रणजी सामना सुरू असताना मागच्या खुर्च्यांवरूनही ऐकू येतं. या वाक्याची मोठी सोय म्हणजे त्याला उत्तर देता येत नाही. ज्याच्याबद्दल ते बोललं जातं त्याने पुढच्या डावात शतक ठोकलं, तरी ते खोटं ठरत नाही, उलट पक्कं होतं. कालचा भोपळा आणि आजचं शतक यालाच तर आपण सातत्याचा अभाव म्हणतो.

हे वाक्य सर्वांत जास्त ज्याच्या वाट्याला आलं असेल तो पर्वरीचाच, स्वप्नील अस्नोडकर. २००८ साली आयपीएलचा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हा गोव्याबाहेर त्याचं नाव फारसं कुणी ऐकलं नव्हतं. राजस्थान रॉयल्सकडून कोलकात्याविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने ३४ चेंडूंत ६० धावा काढल्या आणि तो सामनावीर ठरला. त्या हंगामात ९ सामन्यांत ३११ धावा, सरासरी ३४.५५. दुसऱ्या टोकाला सलामीला ग्रॅम स्मिथ, कर्णधार शेन वॉर्न, आणि शेवटी विजेतेपद. वॉर्नने त्याला गोव्याची तोफ म्हटलं. पुढच्या वर्षी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली. राजस्थानचा पहिलाच सामना केप टाऊनला होता आणि त्यात सगळा संघ ५८ धावांत गारद झाला. अस्नोडकरच्या त्या हंगामात ८ सामन्यांत ९८ धावा झाल्या, सरासरी १२.२५. नंतर मोजकेच सामने मिळाले आणि आयपीएलमधला त्याचा हिशेब २० सामने, ४२३ धावा असा कायमचा बंद झाला.

लोकांनी या दोन आकड्यांमधून एक गोष्ट रचली. पहिल्या वर्षी पोरगा भुकेला होता, दुसऱ्या वर्षी सुस्तावला. किंवा पहिल्या वर्षी गोलंदाजांना तो माहीत नव्हता, दुसऱ्या वर्षी त्यांनी त्याला ओळखलं. दुसऱ्या स्पष्टीकरणात तथ्य असणार. आफ्रिकेतल्या उसळत्या खेळपट्ट्यांचाही वाटा असणार. पण कुठलीही गोष्ट रचण्याआधी विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच आहे: नऊ आणि आठ डावांवरून एखाद्या फलंदाजाबद्दल कळतं तरी किती?

याचं उत्तर बरंच जुनं आहे. १९४५ साली जी. एच. वुड या इंग्रज अभ्यासकाने फलंदाजांच्या डावांचे आकडे तपासले आणि दाखवलं की ते बहुतांशी भूमितीय श्रेढीच्या जवळ जातात. सोप्या भाषेत सांगायचं तर फलंदाज दर धावेगणिक बाद होण्याची जवळपास सारखीच जोखीम घेऊन खेळत असतो. तसं असलं, तर त्याच्या डावांमधला चढउतार, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाणित विचलन म्हणतात, त्याच्या सरासरीइतकाच मोठा येतो. पंचवीसची सरासरी असलेल्या फलंदाजाचं विचलनही पंचविसाच्या आसपास. शून्य, चार, सत्तर, अकरा, चाळीस ही त्याची लहर नव्हे. फलंदाजी नावाचा प्रकारच असा आहे. अशा फलंदाजाच्या नऊ डावांची सरासरी काढत गेलो, तर ती साधारण सतरा ते तेहेतीस या पट्ट्यात झोके खात राहील आणि दर तीन वेळांत सुमारे एकदा त्या पट्ट्याच्याही बाहेर जाईल. म्हणजे पंचविसाचा एकच माणूस, रोज तेवढीच मेहनत घेणारा, एका वर्षी ३४ आणि पुढच्या वर्षी १२ अशी सरासरी देऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला भूक लागायला नको की सुस्ती यायला नको.

गोवेकराला हे पटवायला अस्नोडकरपेक्षा मोठं उदाहरण लागतं, आणि ते मडगावात जन्मलेलं आहे. दिलीप सरदेसाई.

१९७१ चा वेस्ट इंडीज दौरा आपण मुख्यतः सुनील गावस्करांच्या नावाने लक्षात ठेवला. ४ कसोटी, ७७४ धावा, सरासरी १५४.८०. सरदेसाईंच्या ५ कसोटींत ६४२ धावा, सरासरी ८०.२५. दोघेही आठ-आठ डाव खेळले, त्यामुळे एरवी न जमणारी तुलना इथे जमते. सरदेसाईंचे आठ डाव ओळीने असे: २१२, ११२, ३, ४५, १५०, २४, ७५, २१. गावस्करांचे: ६५, ६७ नाबाद, ११६, ६४ नाबाद, १, ११७ नाबाद, १२४, २२०.

गावस्करांच्या आठ डावांपैकी सात डाव पन्नाशीच्या वर आहेत. सरदेसाईंचे चार वर, चार खाली. नाबाद डावांची भानगड बाजूला ठेवून निव्वळ धावांचं विचलन काढलं, तर सरदेसाईंचं ६८ आणि गावस्करांचं ६० भरतं. प्रत्येकाच्या डावामागच्या धावांशी ते ताडून पाहिलं, तर सरदेसाईंचा चढउतार दर डावाच्या सरासरी धावांच्या ८५ टक्के आणि गावस्करांचा ६२ टक्के. वुडच्या हिशेबाने निव्वळ जोखमीच्या खेळात तो शंभर टक्क्यांच्या आसपास असायला हवा. म्हणजे भारतीय फलंदाजीच्या इतिहासातल्या एका अलौकिक मालिकेतही गावस्करांना तो चढउतार पुसून टाकता आला नाही, थोडा आवरता आला. आणि सरदेसाई तर नशिबाने कुणालाही मिळावा तेवढ्याच चढउताराच्या जवळ होते. त्यांच्या आठ डावांचा मध्यांक साठ आहे. सरासरी ऐंशीची असली तरी निम्मे डाव साठाच्या आतले.

मग सरदेसाईंमध्ये सातत्य नव्हतं असं म्हणायचं का? तेव्हाची निवड समिती जवळपास तेच म्हणत होती. १९६५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध मुंबईत भारत ८८ धावांत गुंडाळला गेला, फॉलोऑन बसला आणि दुसऱ्या डावात सरदेसाईंनी नाबाद २०० केल्या. हरायला निघालेला सामना असा फिरला की शेवटी न्यूझीलंडच ८ बाद ८० वर कसाबसा सुटला. त्याच मालिकेत दिल्लीला १०६. त्यानंतर १९७१ पर्यंत एकही कसोटी शतक नाही. त्या दौऱ्यासाठी त्यांची निवड जवळजवळ अखेरच्या क्षणी झाली, आणि तीही नवा कर्णधार अजित वाडेकर हटून बसला म्हणून. संख्याशास्त्र कोळून प्यायलेला माणूसही त्या वेळी वाडेकरच्या बाजूने पैज लावायला कचरला असता.

पण मला त्या मालिकेतली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत गावस्कर बोटाच्या दुखण्यामुळे खेळलेच नाहीत. भारत ५ बाद ७५. तिथून सरदेसाईंनी २१२ काढल्या, एकनाथ सोलकरने साथ दिली आणि वेस्ट इंडीजवर फॉलोऑन लादण्याची वेळ आली. ब्रिजटाऊनच्या कसोटीत पहिल्या डावात गावस्कर १ वर बाद. भारत ६ बाद ७०. पुन्हा सरदेसाई आणि सोलकर, भागीदारी १८६ धावांची, त्यात सरदेसाईंचे १५०. उलट पोर्ट ऑफ स्पेनला मिळालेल्या विजयात दुसऱ्या डावात सरदेसाई ३ वर गेले, तेव्हा गावस्कर नाबाद ६७ करून उभे होते. आठ डावांच्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचल्या की दिसतं ते असं: एकाचा खड्डा दुसऱ्याच्या उंचवट्याने भरला जातो. भारत ती मालिका जिंकला तो कुणा एकट्याच्या सातत्यामुळे नव्हे. दोघांचे वाईट दिवस एकाच दिवशी आले नाहीत, आणि तिसरा, सोलकर, दोघांनाही साथ देत राहिला, म्हणून जिंकला.

आमच्याकडच्या बोलण्यात नेमका हा विचार येत नाही. आपण सातत्य हा माणसाचा गुण समजतो, शिस्तीसारखा, लवकर उठण्यासारखा. खरं तर ते बव्हंशी समूहाचं असतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा घोळ आकड्यांच्या रूपाने रोज छापून येतो. तिथे क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार. १९७३ पासून तिथली लीग त्याला प्रत्येक सामन्यानंतर एक गुणांक देते. किती फेकी झेलल्या गेल्या, दर फेकीमागे किती यार्ड मिळाले, किती टचडाऊन झाले, किती फेकी प्रतिस्पर्ध्याने पळवल्या, या चार गोष्टींना शून्य ते २.३७५ असे गुण देऊन बेरीज करायची, सहाने भागायची, शंभराने गुणायचं. सर्वोच्च गुणांक येतो १५८.३. या चौकटीला वरही झाकण आहे आणि खालीही. त्यामुळे फारच वाईट दिवस थोडा कमी वाईट दिसतो आणि फारच चांगला दिवस एका मर्यादेपुढे चांगला दिसू शकत नाही. शिवाय ज्याने फेक झेलली त्याचे हात, ज्यांनी समोरच्या धिप्पाडांना रोखलं त्यांचे खांदे, हे सगळं एकाच माणसाच्या नावे जमा होतं. हंगाम असतो सतरा सामन्यांचा. मग दर आठवड्याला चर्चा रंगते की अमुक खेळाडू एका रविवारी ११० आणि पुढच्या रविवारी ६० का. ज्याच्या पुढे उभे असलेले पाचजण बदलले त्याचा गुणांक बदलला, यात नवल कसलं? तरी आकडा एकाचा म्हणून दोषही एकाचा.

गोव्याला फुटबॉल काही अमेरिकेकडून शिकायचा नाही. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रीने तो शिवोलीत आणला. शिवोलीसमोर शापोरा नदी आणि नदीपलीकडे पेडणे, पण तो खेळ नदी ओलांडून फार उशिराने आला. बार्देस, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादींत शाळा आणि चर्चच्या मैदानांवर तो रुजला. पेडणे आणि डिचोली अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे आली, तिथली संध्याकाळ भजनाची आणि नाटकाची राहिली. गंमत अशी की पुढे गोव्याच्या फुटबॉलला पैसा मिळाला तो डिचोलीसारख्या तालुक्यांच्या जमिनीतून. धेंपे आणि साळगावकर ही खनिजवाल्यांची घराणी आणि हेच दोन मोठे क्लबही. सेसा या खाण कंपनीने १९९९ मध्ये सुरू केलेल्या फुटबॉल अकादमीचं नातंही साखळीच्या खाणीशी आहे.

आता आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या विजेत्यांची यादी पाहा. २००७-०८ धेंपो. २००८-०९ चर्चिल ब्रदर्स. २००९-१० धेंपो. २०१०-११ साळगावकर. २०११-१२ धेंपो. २०१२-१३ चर्चिल ब्रदर्स. लीगच्या पहिल्या सहाही हंगामांत करंडक गोव्यात राहिला आणि त्या सहा वर्षांत एकाही क्लबला तो लागोपाठ दोनदा राखता आला नाही. धेंपोबद्दल कुणी एकाआड एक वर्ष कुरकुरलं असतं, तर आकडे त्याच्या बाजूचे होते. गोव्याबद्दल कुरकुरायला जागा नव्हती. किंग्स्टन आणि ब्रिजटाऊनमध्ये जे घडलं तेच इथे सहा वर्षं पसरून घडलं.

आणि ते सातत्य मोडलं तेव्हाही ते एकेका खेळाडूच्या पायातून मोडलं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१५ मध्ये धेंपो आय-लीगमधून खालच्या गटात गेला, विजेतेपदानंतर तीनच वर्षांनी. २०१६ मध्ये तो पुन्हा वर चढला खरा, पण त्याच वर्षी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी राष्ट्रीय महासंघाच्या नव्या रचनेचा निषेध करत लीगमधूनच अंग काढून घेतलं. कारण म्हणून क्लबांनी ती रचना पुढे केली, आणि ते खरंच असेल. पण डिचोलीतले ट्रक धावत असते, तर निषेध इतका टोकाला गेला असता का, असा प्रश्न मला पडतो. त्या काळात ज्या खेळाडूंबद्दल ‘पूर्वीसारखा राहिला नाही’ असं आम्ही म्हणत होतो, त्यातले बरेच पूर्वीसारखेच होते. त्यांच्या भोवतीचं सगळं राहिलं नव्हतं.

पेडण्याला मात्र हे फुटबॉलमधून कळण्याची गरज नव्हती. तिथे दशावतार आहे. कार्तिकानंतर जत्रा लागतात आणि मंडळी गावोगाव रात्रीमागून रात्र उभी राहतात. आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात. पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने नट जागच्या जागी बोलतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर झाले की राजा येतो, आणि त्या रात्री राजाची जीभ चालेल की नाही हे राजालाही माहीत नसतं. लिखित संहितेच्या नाटकात वाईट रात्रीला खालून एक आधार असतो, लेखकाच्या वाक्यांचा. इथे तो नाही, त्यामुळे एकाच नटाच्या दोन रात्रींत जमीन-अस्मानाचं अंतर पडू शकतं. तरीही जाणता प्रेक्षक मंडळाला बेभरवशाचं म्हणत नाही. राजा पडला तर राक्षस उचलून धरतो, स्त्रीपार्टीचा नट एखादा विलाप असा लांबवतो की राजाला सावरायला वेळ मिळतो, मृदंगवाला युद्धाचा ठेका वाढवतो. पहाटे दहीकाला होईपर्यंत खेळ रंगलेला असतो आणि कोण पडलं होतं हे घरी जाणाऱ्यांच्या लक्षातही नसतं.

याच तालुक्यांतली हौशी मंडळी कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरतात तेव्हा मात्र एकच प्रयोग आणि एकाच प्रयोगाचे गुण. दोन-तीन महिन्यांच्या तालमी एका रात्रीवर टांगलेल्या. परीक्षकांना दुसरा मार्ग नाही हे मान्य. पण वैयक्तिक अभिनयाचं बक्षीस हुकलेल्या नटाने ते मनाला लावून घेऊ नये, एवढं या हिशेबातून निघतं. एका डावावर कुणी गावस्करला मोजला असता, तर ब्रिजटाऊनचा १ हाच त्याचा गुणांक ठरला असता.

सातत्याची मागणी सगळीकडे चुकीची आहे असं मला म्हणायचं नाही. गोलरक्षकाकडे ती करावीच लागते. ब्रह्मानंद शंखवाळकरसारखा गोलरक्षक मोठा ठरतो तो अफलातून झेपांइतकाच न केलेल्या चुकांमुळे, कारण त्याच्या वाईट क्षणाची भरपाई मागे उभं राहून कुणी करू शकत नाही. बलाढ्य संघालाही सातत्य हवं असतं: तो सरासरीने खेळला तरी जिंकणार, त्याला झोके परवडत नाहीत. आपल्या निवड समित्यांनी हा बलाढ्यांचा नियम जसाच्या तसा उचलला आहे, आणि गोव्याच्या क्रिकेटसाठी तो उलटा आहे.

गोवा १९८५-८६ पासून रणजी खेळतो आणि बहुतेक वेळा समोर आपल्यापेक्षा ताकदवान संघ असतो. समजा समोरचा संघ नेहमीच्या खेळात आपल्यापेक्षा ऐंशी धावांनी सरस आहे. आपल्याकडे एक फलंदाज पाच डावांत ३०, ३०, ३०, ३०, ३० करणारा आणि दुसरा ०, ५, ०, १०, १३५ करणारा. दोघांची सरासरी तीसच. पहिला संघात असेल तर आपण पाचही सामने सन्मानाने हरू. दुसरा असेल तर चार वाईट हरू आणि पाचवा कदाचित जिंकू. निवड समितीच्या टेबलावर पहिला भरवशाचा ठरतो आणि दुसऱ्याला चौथ्या डावानंतर घरी पाठवलं जातं, १३५ च्या बरोबर आधी. दुर्बळाने झोके जपायचे असतात. असे तीन-चारजण एकत्र ठेवले, तर निदान एकाचा तरी दिवस दर सामन्यात उगवण्याची शक्यता वाढते. बाकीच्यांनी सोलकरसारखं एका टोकाला उभं राहायचं, आणि त्या उभं राहण्याला निवड समितीने किंमत द्यायची.

उलट बाजूचा धोकाही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला अरुणाचल प्रदेश ८४ धावांत बाद झाला. गोव्याने २ बाद ७२७ वर डाव घोषित केला. कश्यप बखले नाबाद ३००, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, तिसऱ्या गड्यासाठी ६०६ धावांची अभेद्य भागीदारी, विजय एक डाव आणि ५५१ धावांनी. दोघांच्या खेळाला कमी लेखायचं कारण नाही, त्रिशतक थकवणारंच असतं. पण त्या एका डावाने दोघांच्या हंगामाच्या सरासऱ्या इतक्या फुगतात की बाकीच्या डावांमध्ये काय झालं ते त्यांच्यामागे दिसेनासं होतं. तो हंगाम गोवा रणजीच्या खालच्या, प्लेट गटात खेळला आणि गटाचा विजेता ठरून वरच्या गटात गेला. तिथे संघ निवडताना त्या ६०६ धावांचा फारसा उपयोग नाही. पाहायला हवं ते त्या हंगामातल्या इतर सामन्यांच्या धावफलकांत: दोघांपैकी एकजण स्वस्तात बाद झाला त्या दिवशी दुसरा काय करत होता, दोघेही गेले त्या दिवशी पाचव्या-सहाव्या क्रमांकावर कोण उभा राहिला, आणि त्या उभ्या राहिलेल्याला पुढच्या सामन्यात जागा मिळाली की नाही.